दोन पट्टे बदलले, आवाज तसाच

जुलैतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला दाजींची गाडी आमच्या गल्लीत वळली, आणि गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज घरात आला. चढावर एक लांबलचक किंकाळी, ती विरते न विरते तोच चिवचिव-चिवचिव. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कुणाचा रहाट आला रे दारात?"

गाडी अकरा वर्षांची डिझेल हॅचबॅक, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेली. दाजी गगनबावड्याच्या बाजूला शाळेत शिक्षक. कोल्हापुरातून रोजचं जाणं-येणं शंभरेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर पाऊस कसा कोसळतो ते तिकडून गेलेल्या माणसाला सांगायला नको. इंजिनाच्या एका अंगाला, आतून लांबीभर सहा धारा असलेला एकच पट्टा आहे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून निघून तो बॅटरी भरणारा अल्टरनेटर, एसीचा काँप्रेसर आणि पाण्याचा पंप फिरवतो. स्टिअरिंग विजेवरचं, म्हणून त्याचा पंप नाही. पट्टा ताणून धरायला स्प्रिंगचा टेन्शनर. या पट्ट्यावर फॅन असायचा तो जमाना गेला, तरी गॅरेजात त्याला अजून 'फॅन बेल्ट'च म्हणतात, मीही म्हणतो.

दाजींची कैफियत अशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि आवाजही. पहिल्या गॅरेजात पट्टा बदलला, मजुरीसकट अकराशे रुपये. चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी पुन्हा चिवचिव. दुसऱ्या ठिकाणी पट्ट्यावर कसलासा स्प्रे मारून दिला. गाडी दोन दिवस गप्प बसली आणि मग आधीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागली. तिसऱ्याने 'आधीचा डुप्लिकेट होता' म्हणून आणखी एक नवा पट्टा घातला. तोही आठवड्यात बोंबलू लागला तेव्हा त्याने तोडगा काढला: मापापेक्षा पंधरा मिलिमीटर लहान पट्टा टाकू, गच्च बसेल. इथे मात्र दाजींना शंका आली. "अरे, चप्पल एक नंबर लहान घेतली तर पायाला बरं वाटतं का?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात.

चपलेची उपमा तशी बरोबर होती. पट्ट्याच्या पाठीवर ६ पीके १२१० असं छापलं होतं: सहा धारा, 'पीके' म्हणजे मोटारींत सर्रास वापरली जाणारी धार, दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, आणि लांबी १२१० मिलिमीटर. या लांबीच्या पट्ट्यावर टेन्शनरचा हात त्याच्या खुणांच्या मधोमध राहील असा हिशेब केलेला असतो. लहान पट्टा घातला की हात एका टोकाला जाऊन टेकतो, स्प्रिंगला खेळायला जागा उरत नाही आणि जादा ताण अल्टरनेटरच्या नि पंपाच्या बेअरिंगवर बसतो. आवाज कदाचित थांबतोही. सहा महिन्यांनी पंप गळू लागतो तेव्हा त्याचा संबंध या लहान पट्ट्याशी कुणी जोडत नाही.

आबा बाहेर येऊन बसले होते. त्यांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे, त्यामुळे पट्ट्यांबद्दल बोलायचा हक्क घरात पहिला त्यांचा. निदान तयारच होतं: "घसरतोय. राळ लाव."

गिरणीचा पट्टा चपटा, कॅनव्हासचा. दमट हवेत तो घसरू लागला की आबा चालत्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला राळेचा खडा धरायचे. राळ चिकट, पकड यायची. तिथे ते बरोबरच होतं, कारण चपट्या पट्ट्याला पकड मिळते ती फक्त ताणातून आणि पुलीला पडलेल्या वेढ्यातून. मोटारीचा पट्टा वेगळा. त्याच्या धारा पुलीच्या ४० अंशांच्या खाचांत पाचरीसारख्या रुततात, आणि तेवढ्याच ताणात पकड चपट्या पट्ट्याच्या जवळपास तिप्पट होते. पाचर जाग्यावर असेल तर तिला चिकटपणाची गरज नाही. उलट चिकट थरावर रस्त्याची धूळ आणि चिखलाचे शिंतोडे बसतात, खाचा भरतात आणि धार तळापर्यंत उतरत नाही. दुसऱ्या गॅरेजातला तो स्प्रे म्हणजे डब्यात भरलेली राळच. साबणाची वडी, मेणबत्ती, टाल्कम पावडर ही त्याचीच भावंडं. आवाज दोन दिवस दाबण्यापलीकडे त्यांच्यात दम नाही. तेलकट स्प्रे तर रबरच फुगवून मऊ करतो.

हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि तिथेच बसून राहिले.

बॉनेट उघडून मी आधी नुसता ऐकत उभा राहिलो. शिकवणं माझा धंदा आहे, पॉलिटेक्निकच्या मशीन शॉपमध्ये. आणि मुलांना जे रोज सांगतो ते स्वतः करायला अंमळ जड जातं: पाना नंतर, कान आधी. गाडी थंड झाल्यावर पुन्हा स्टार्ट केली. दहा-बारा सेकंद किंकाळी. ती थांबली आणि चिवचिव राहिली, ऐडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, एका लयीत. एसी लावला, हेडलाइट लावले, मागच्या काचेचा हीटर लावला; किंकाळी परत आली, चिवचिव मात्र होती तशीच. सगळं बंद केलं. किंकाळी गेली, चिवचिव आहेच.

म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते. तिघांनी दोघांना एकच धरून औषध दिलं होतं.

मग मी दाजींना विचारलं की पावसात नेमकं काय होतं. ते आधी म्हणाले, "पावसात जास्त ओरडते." थोडं थांबून म्हणाले, "पण कधीकधी मोठ्या पावसात एकदम गप्पही होते. बंद करताना तेवढं एक 'चीं' होतं." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची किंमत पुढे मोजली.

कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली ताईच्याच पिशवीत होती, कारण आज इकडे येऊन साड्यांना इस्त्री करायचा तिचा बेत होता. ती घेतली. ही परीक्षा सोपी आहे, पण शर्टाच्या बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, आणि हात पट्ट्यापासून वीतभर लांब. ऐडलिंगलासुद्धा हा पट्टा सेकंदाला सहा मीटरच्या वर धावतो, म्हणजे सेकंदात पाच फेऱ्या. बोट सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. रेडिएटरचा फॅनही मध्येच आपला आपण सुरू होतो, तो विसरायचा नाही.

आधी सगळे भार बंद ठेवून धारांच्या बाजूवर बारीक तुषार मारला. चिवचिव तत्काळ थांबली. चार-पाच सेकंदांनी पट्टा सुकला तशी परत आली. मग एसी, दिवे, हीटर लावून तसाच तुषार मारला. यावेळी किंकाळी इतकी चढली की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

पाणी तेच, पट्टा तोच, परिणाम उलटे. कारण दोन्ही आवाज रबर चिकटण्या-सुटण्याचेच असले, सारंगीच्या गजासारखे, तरी कारणं निराळी. पुली लाइनीत नसेल तर धार खाचेत सरळ उतरत नाही, तिरकी शिरते आणि खाचेच्या भिंतीला घासते. पाण्याने ती घासण गुळगुळीत होते, म्हणून आवाज जातो. पाणी उडालं की परत. याउलट पट्ट्यावर भार पेलण्याइतका ताणच नसेल तर तो आधीच घसरत असतो, आणि पाणी उरलीसुरली पकडही काढून घेते, म्हणून आवाज वाढतो. पाण्याने काहीच फरक पडला नसता तर मी बेअरिंगकडे वळलो असतो.

बेअरिंग तरीही पाहून घेतले. पट्टा कसा फिरवलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढला (हे विसरणारा नंतर अर्धा तास पट्ट्याशी कुस्ती खेळतो), टेन्शनरचा हात पान्याने मागे ओढून पट्टा काढला आणि पट्ट्याविना इंजिन जेमतेम दहा सेकंद चालवलं. दोन्ही आवाज गायब. पाण्याचा पंप फिरत नसतो, म्हणून याहून जास्त चालवू नये. पुल्या हाताने फिरवून पाहिल्या, कुठे खरखर नाही, डगडग नाही. पंपाखाली कूलंटचा डाग नाही. बॅटरी बंद अवस्थेत १२.५ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.२. पण किंकाळीच्या वेळी मीटर १३.१ पर्यंत घसरत होता आणि दिवे मिणमिणत होते. घसरण अल्टरनेटरच्या पुलीवर होतेय याचा तो पुरावा. तसं ते अपेक्षितच: सगळ्यात लहान पुली तीच, तिला वेढा सगळ्यात कमी, आणि स्टार्ट केल्या केल्या बॅटरी भरून काढायचा भारही तिच्यावरच.

उतरवलेला पट्टा उलटा करून पाहिला. तिसऱ्या गॅरेजातला, महिन्याभराचाही नसेल. भेग एकही नव्हती, पण त्यावरून काही ठरत नाही. आजकालचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. ते जुन्या निओप्रीनसारखे तडकत नाहीत, टायरसारखे झिजत जातात. या पट्ट्याची एक कड पिंजली होती, सुताचे धागे बाहेर आलेले, आणि प्रत्येक धारेची एकच बाजू आरशासारखी चकचकीत. तिरकं चालणाऱ्या माणसाच्या चपलेची टाच एकाच अंगाला झिजते, तशी.

"सूत लावून बघ," आबा म्हणाले.

गिरणीत इंजिन आणि जातं बसवताना ते दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून धरायचे. दोरी चारही ठिकाणी टेकली की लाइन जमली. गिरणीच्या पुलीचा माथा मध्ये किंचित फुगीर असतो, त्यामुळे चपटा पट्टा आपोआप मधोमध येतो आणि थोडी चूक पोटात घालतो. धारांचा पट्टा खाचेत अडकलेला, त्याला सरकून घ्यायला जागाच नाही. तो ओरडतो. राळेचा सल्ला आबांचा चुकला होता, सुताचा नाही.

फक्त सूत पुलीच्या कडेवर लावून चालत नाही, कारण कडांची जाडी पुलीगणिक वेगळी. खाच खाचेशी जुळायला हवी. मी अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडचं आवरण ठोकून काढलं, काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री केली आणि तो क्रँक पुलीच्या तिसऱ्या खाचेत आडवा बसवला. दुसरं टोक अल्टरनेटरच्या तिसऱ्या खाचेत पडायला हवं होतं. पडलं ते खाचेच्या पुढे. व्हर्नियरने मोजलं: साधारण अडीच मिलिमीटरचा फरक. दोन पुल्यांमध्ये रॉडची लांबी १८० मिलिमीटर, म्हणजे कोन सुमारे ०.८ अंश. असे पट्टे अर्ध्या अंशाच्या आसपास कुरकुर करू लागतात.

पुली अडीच मिलिमीटर मागे. आता दाजींना विचारलं की अल्टरनेटर कधी उतरवला होता का.

"मे महिन्यात," ते म्हणाले. "चार्जिंगचा दिवा लागत होता. एका वायरमनकडून दुरुस्त करून घेतला. का?"

हा प्रश्न मी सकाळी साडेसहाला विचारायला हवा होता. आधीच्या तिघांनीही विचारला नव्हता, आणि दाजींनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते दुखणं वेगळं, बिल वेगळं, महिना वेगळा. आवाज पावसाबरोबर आला म्हणून सगळ्यांनी पावसाला धरलं. मधले आठ-दहा दिवस गाडी सुट्टीमुळे उभीच होती.

माझा तर्क लगेच धावला: उतरवताना एखादं वॉशर हरवलं असणार. अल्टरनेटर काढला आणि सोमवारी संध्याकाळी तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात लोखंडाचं काही करून हवं असेल तर पाय आपोआप तिकडेच वळतात. ओळखीचे लेथवाले काका आहेत. साठी उलटली आहे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांना पुलीमागे घालायला अडीच मिलिमीटरचं वॉशर हवं असं सांगितलं. त्यांनी नट काढला, पुली उतरवली, शाफ्टच्या टोकावरून नख फिरवलं.

"अडीच घातलंस तर नटाला आटं कमी गावत्यात. दोन आटं तरी जात्याल."

"चालेल का?"

"चालंल. पण ही पुली हितली न्हाई."

मी म्हटलं, असेल दुसरी, पण बसते तर आहे. ते काही बोलले नाहीत. वॉशर तासून दिलं, चाळीस रुपये घेतले. निघताना पुन्हा म्हणाले, "मूळ पुली कुठं हाय ते इचार की."

मी विचारलं नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर अडीच मिलिमीटरचा आकडा इतका नेमका जुळला होता की मला दुसरं काही दिसतच नव्हतं. रात्री अल्टरनेटर बसवला, रॉड लावून पाहिला, तिसरी खाच तिसऱ्या खाचेत. स्प्रेची घाण ब्रेक क्लीनर आणि नायलॉनच्या ब्रशने सगळ्या पुल्यांवरून काढली. खरं तर नवा पट्टा घालायचा, पण परीक्षेपुरता तोच पिंजलेला घातला. स्टार्ट. चिवचिव गेली होती, पूर्ण. दाजींनी पाठ थोपटली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला गल्लीत पुन्हा किंकाळी.

चिवचिव नव्हती, हे खरं. पण थंड इंजिनवरची किंकाळी जशीच्या तशी, आणि इंजिन बंद करताना ते 'चीं'. रविवारी सोडून दिलेलं ते वाक्य आता समोर येऊन उभं राहिलं. इंजिन बंद करताना भार कुठे असतो? एसी बंद, दिवे बंद. तरी पट्टा घसरतो, म्हणजे कुणीतरी त्याला उलट ओढतंय.

टेन्शनर पाहिला. डोळ्यांना त्याचा हात फक्त धूसर दिसत होता. मोबाइल स्लो मोशनवर ठेवून अर्धा मिनिट चित्रण केलं आणि ओट्यावर बसून पाहिलं. हात नाचत होता. खुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा मिलिमीटर, एकसारखा, थडथड. धडधाकट टेन्शनरचा हात ऐडलिंगवर किंचित थरथरतो, असा हेलकावे खात नाही. स्लो मोशनमध्ये पट्ट्याची एक बाजू ताठ व्हायची आणि लगेच पोट सुटल्यासारखी ढिली पडायची.

काकांचं वाक्य तेव्हा कळलं.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेरीला दोन स्फोट होतात. ऐडलिंगला, मिनिटाला ८५० फेऱ्यांना, सेकंदात अठ्ठावीस धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक झटक्यात पुढे जातो आणि पुढच्या दाबाला मंदावतो. डिझेलमध्ये हे जास्तच, कारण दाब जास्त. पट्टा हे सगळं अल्टरनेटरला पोचवतो. अल्टरनेटरची पुली लहान, म्हणून त्याचा रोटर, आतला फिरणारा भाग, क्रँकच्या अडीचपट वेगाने फिरतो, आणि ऐडलिंगलाही मिनिटाला दोन हजारांवर असतो. इतक्या वेगातला तांब्या-लोखंडाचा तो गोळा वेग बदलायला राजी नसतो. शिवाय त्याचं जडत्व क्रँकला जाणवतं ते अडीचच्या वर्गाने, म्हणजे सहापटीहून जास्त. क्रँक मंदावला तरी रोटर आपल्या वेगात पुढे. मग ज्याने पट्ट्याच्या मागे यायचं तोच पट्ट्याला ओढायला लागतो. ताठ बाजू ढिली होते, ढिली ताठ, सेकंदात अठ्ठावीस वेळा. टेन्शनर मध्ये सापडतो.

यावरचा इलाज अनेक डिझेल गाड्यांत मूळचाच दिलेला असतो: अल्टरनेटरच्या पुलीत एक क्लच. सायकलच्या मागच्या फ्रीव्हीलसारखी ती एकाच दिशेने पकडते. पट्टा पुढे ओढतोय तोवर रोटर त्याच्याबरोबर. पट्टा मंदावला की रोटर सुटा, आपल्या गतीने फिरत राहतो, आणि पट्ट्याला झटका बसत नाही. इंजिन बंद केल्यावर अशा गाडीत क्षणभर एक बारीक घूंऽऽ ऐकू येतं, सुटलेल्या रोटरचं. आमच्या गाडीत त्याजागी 'चीं' होतं.

ओळखायला सोपी असते. क्लचच्या पुलीच्या तोंडावर काळ्या प्लास्टिकची टोपी असते; साध्या पुलीच्या मधोमध उघडा नट दिसतो. मी तो नट काकांच्या लेथवर स्वतःच्या डोळ्यांनी उतरवताना पाहिला होता. मुलांना हा भाग शिकवताना मी फळ्यावर दोन्ही पुल्यांच्या आकृत्या काढतो, हे इथे लिहिणं जिवावर येतंय, पण प्रकरण पूर्ण लिहायचं तर लिहायलाच हवं.

खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून, पट्टा उतरवून, अल्टरनेटरच्या जाळीतून आतला पंखा अडवून धरला आणि पुली दोन्हीकडे फिरवली. दोन्हीकडे घट्ट.

दाजींनी वायरमनला फोन लावला, स्पीकरवर. तो काही लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. "हो सर, तुमची क्लचवाली पुली जाम झाली होती. नवी तीन हजाराच्या घरात जाते. तुम्हीच म्हणाला होता ना, शाळेच्या सुट्टीत पगार लांबलाय, जरा स्वस्तात बघा. म्हणून साधी टाकली. मी म्हटलं होतं की आवाज येईल थोडा."

दाजींनी स्पीकर बंद केला आणि पुढचं बोलणं अंगणात जाऊन केलं.

म्हणजे एकाच बदलाने दोन्ही आवाज आले होते. साधी पुली अडीच मिलिमीटर मागे बसत होती, त्यातून चिवचिव. तिच्यात क्लच नव्हता, त्यातून किंकाळी आणि 'चीं'. त्याआधी मूळ पुली जाम होऊन किती दिवस चालली होती कोण जाणे. जाम क्लच आणि साधी पुली यांच्यात पट्ट्याच्या दृष्टीने फरक नाही, आणि टेन्शनरचा नाच बहुधा तेव्हापासूनच सुरू होता. त्याचा दमही त्यातच गेला होता. हात पान्याने ओढून सोडला तर तो दाबून, सावकाश परत यायला हवा. हा सपकन आला, आणि आडवा हलवला तर मुळाशी डुगडुगला. पावसाने यात नवं काही केलं नाही. एवढंच की कोरड्यात जेमतेम टिकणारी पकड ओल्यात सुटायची.

क्लचची पुली उतरवायला-चढवायला दाते असलेला खास सॉकेट लागतो. तो माझ्याकडे नाही. आम्ही त्याच वायरमनकडे गेलो. त्याने भंगाराच्या डब्यातून जुनी पुली काढून दाखवली, आत गंज, दोन्हीकडे घट्ट. नवी बसवायची मजुरी त्याने घेतली नाही. काकांचं वॉशर काढून टाकलं. ते राहिलं असतं तर मूळ मापाची पुली आता अडीच मिलिमीटर पुढे गेली असती. रॉड लावला, बरोबर खाचेत. नवा टेन्शनर घातला. सगळ्यात शेवटी पट्टा, १२१० चाच. हा क्रम उलटा केला की नवा पट्टा जुन्या दुखण्यावर घासून वाया जातो. दाजींचे दोन तसेच गेले.

एकूण खर्च सहा हजारांच्या थोडा वर. त्याआधीचे पट्टे, स्प्रे आणि मजुरी मिळून दोन हजार आठशे. मे महिन्यात वाचवले होते अडीच हजार. हा हिशेब ताईने केला, वहीत लिहून, आणि दाजींच्या पुढ्यात ठेवला.

स्लो मोशनचं चित्रण पुन्हा केलं. टेन्शनरचा हात खुणेवर स्थिर, नुसता थरथरता. एसी, दिवे, हीटर लावून पाण्याचा तुषार मारला; आवाज नाही, मीटर १३.९ वर. इंजिन बंद केल्यावर ते बारीक घूंऽऽ. आबांनी ते ऐकून विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, हेच हवं होतं.

खंडेनवमीला दाजी गाडी धुऊन घेऊन आले. मधल्या काळात सहा हजार किलोमीटर झाले होते, सगळा पावसाळा त्यातच. पूजेआधी मी बॉनेट उघडून पट्ट्याच्या कडा पाहिल्या: दोन्ही सारख्या, धागा एकही बाहेर नाही. ओसरीत पाटावर पाने, पकडी, व्हर्नियर मांडले होते, आबांनी गिरणीतला जुना हातोडा ठेवला होता. दाजींनी खिशातून काकांनी तासलेलं ते अडीच मिलिमीटरचं वॉशर काढलं आणि हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"चाळीस रुपये दिलेत," दाजी म्हणाले.